बेतणीचे कागद

मास्तरांनी ‘साहित्य’ या शब्दापुढे ‘कागद’ असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“कागद तर सगळ्यांचाच आहे, मास्तर,” मॅडम म्हणाल्या. “आपलं प्रदर्शनच कागदावरच्या कामांचं. कोणता कागद ते लिहा. आणि वरचा रकाना तर रिकामाच ठेवलात.”

वरचा रकाना प्रेरणेचा होता. मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला, ‘कागद’च्या आधी ‘खाकी’ लिहिलं, थोडं थांबून त्याच्याही आधी ‘जुना’ लिहिलं आणि मग ‘जुना’ खोडला. खोडताना पेनाचं टोक फॉर्ममधून आरपार गेलं.

“दुसरा फॉर्म देऊ?”

“नको, नको. चालेल हाच.”

दालनात चित्रं टांगायचं काम चाललं होतं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या चौकटींच्या मधून वाट काढत मॅडम एकेकाकडून फॉर्म भरून घेत होत्या. प्रदर्शन भरवण्याची सगळी जबाबदारी त्यांची. वयाने त्या मास्तरांच्या लेकीएवढ्या, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. फॉर्ममधला मजकूर टाइप होऊन चित्राखाली लागणार होता. शिवाय रविवारी दुपारी चार वाजता प्रत्येकाने आपापल्या चित्राशेजारी उभं राहून दहा मिनिटं बोलायचं होतं. हे कुठून सुचलं, हे कशाचं केलं. तिथला तसा रिवाजच होता.

“मास्तर, माझ्या फॉर्मवरून उतरवून काढा,” स्टुलावर उभा असलेला चहावाला म्हणाला. “साहित्य, चहा आणि कागद. प्रेरणा, चहा.”

“आणि दूध?” खालून टोचणीने विचारलं.

“दुधाला बुरशी येते. कोराच लागतो. हे कळायला मला दोन वर्षं आणि सोळा चित्रं लागली.”

ही नावं त्यांनी या चार दिवसांत एकमेकांना ठेवलेली. चहावाला चाळिशीचा, चहाच्या डागांतून डोंगर आणि धुकं काढणारा. टोचणी त्याच्याहून लहान. ती ना रंग वापरायची ना शाई. पांढऱ्या कागदाला सुईने हजारो भोकं पाडायची आणि बाजूने दिवा लावला की त्या भोकांतून चेहरे दिसायचे. मास्तरांना मात्र कुणी नाव ठेवलं नव्हतं. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला आणखी काय म्हणणार?

मास्तरांची चित्रं अकरा. पांढऱ्या जाड कागदावर खळीने चिकटवलेले खाकी आकार. एखादा पंखासारखा, एखादा अर्धवट खाल्लेल्या चंद्रासारखा, एखादा नुसताच लांबट आणि एका बाजूने आत गेलेला. त्यांच्यावरून पेन्सिलीच्या बारीक रेषा गेलेल्या. मधूनच एखादा आकडा. मॅडमना ते नकाशे वाटले होते. चहावाल्याला पानं वाटली. टोचणी तेवढी पहिल्या दिवशी बराच वेळ चौथ्या चित्रापाशी उभी होती.

“मास्तर, कडेकडेने हे बारीक टोचे आहेत, ते हाताने मारलेले नाहीत. एका मापाचे आहेत. चाकाचे वाटतात.”

“असतील,” मास्तर म्हणाले होते, आणि हातोडी आणायला म्हणून निघून गेले होते.

ते टोचे चाकाचेच होते. दाते असलेलं छोटं चाक आणि त्याला लाकडी मूठ. मास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते चाक चाळीस वर्षं फिरलं होतं. मास्तरांची बायको कपडे शिवायची. सगळ्यांचे शिवायची नाही. ज्यांना दुकानातले तयार कपडे बसत नाहीत, अशी माणसं तिच्याकडे यायची. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा हात कोपरात सरळ न होणारा. ती आधी खाकी कागदावर बेतायची, कागद माणसाच्या अंगाला लावून बघायची, टाचण्या लावायची, पुन्हा कापायची. कागद बरोबर बसला की मगच कापडाला कात्री. ते बेतणीचे कागद ती टाकून देत नसे. माणूस परत येतो, म्हणायची. गुंडाळी करून, वर सुतळी बांधून, सगळे एका चादरीच्या गाठोड्यात.

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी ती चहाचा कप उचलताना पडली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी काही सांगता येत नाही म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात मास्तर तिचे जुने रिपोर्ट शोधायला कपाट उघडून बसले आणि गाठोडं अंगावर आलं. एक गुंडाळी आपोआप उलगडली. मास्तरांनी ती टेबलावर पसरली. निवृत्तीनंतर नऊ वर्षांत त्यांच्या हातून धड एक चित्र झालं नव्हतं. फुलदाण्या काढायचे आणि फाडायचे. आणि आता समोर एक आकार पडला होता, जो त्यांनी काढलेला नव्हता आणि ज्यात एक रेषाही फुकट नव्हती.

दवाखान्यातून घरी यायचं, हात धुवायचे, खळ शिजवायची आणि बसायचं. ते तीन आठवडे मास्तर सुखात होते. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. स्वतःलासुद्धा आडूनच सांगितली होती.

मग ती बोलायला लागली. मग बसायला. मग काठी घेऊन चालायला. मास्तरांनी उरलेलं गाठोडं पुन्हा बांधलं. ते फारच लहान झालं होतं, तिच्या लगेच लक्षात आलं असतं, म्हणून ते माळ्यावर टाकलं.

फॉर्मवर प्रेरणेपुढे मास्तरांनी ‘आकार’ एवढंच लिहिलं. मॅडमनी तो शब्द वाचला, मास्तरांकडे बघितलं आणि फॉर्म फायलीत लावला.

मास्तर घरी आले तेव्हा ती खिडकीपाशी बसून उजव्या हाताने रबरी चेंडू दाबत होती. दाबत होती म्हणजे दाबायचा प्रयत्न करत होती. बोटं अर्धी मिटत आणि तिथेच थांबत.

“झालं टांगून?”

“झालं.”

“गाठोडं काढलंत?”

“बघतो.”

“परवाही बघतो म्हणालात. आज पोस्टातली येऊन गेली. थंडीच्या आत कोट हवाय तिला. दुकानातला घालते तर एका बाजूने घसरतो म्हणे. चार माणसं बघतात, म्हणाली. तिचा कागद आहे माझ्याकडे. गेल्या कोटाचा.”

“तू कशी कापणार आता?”

“मी कशाला कापू? खालची कापेल.” खालच्या मजल्यावरची सून हल्ली शिवणाचं शिकत होती. “मी शेजारी बसून सांगेन. कागद असला की कुणीही कापेल हो. अवघड काम कागदापर्यंतच असतं.”

मास्तरांनी खुर्ची ओढली. तिच्यासमोर बसले. हातांची बोटं एकमेकांत अडकवली.

“अगं.”

“काय?”

चेंडू तिच्या मुठीत होता. ती वाट बघत होती.

“किती झाले आज?”

“छत्तीस झाले होते. आता तुमच्यापायी पुन्हा एकपासून.” ती हसली. तोंडाची उजवी बाजू अजून थोडी मागे राहायची. “रविवारी येऊ का हो मी? तुम्ही भाषण करणार. मला बघायचंय तुम्ही काय बोलता ते. आपल्या लग्नात तुमच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.”

“फार जिने आहेत तिथे,” मास्तर म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली. एक. दोन.

जिने होते. लिफ्टही होती.

रविवारी चारच्या आधीच पंचवीस-तीस माणसं जमली. खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. लोक एका चित्राकडून दुसऱ्याकडे सरकत ऐकणार होते. मास्तरांनी खिशातली चिठ्ठी दोनदा काढून पाहिली. त्यांनी दोन दिवस घासून एक वाक्य तयार केलं होतं. ‘उपयोग संपलेल्या कागदाला चित्रात पुन्हा जागा मिळते का, हे मी शोधत होतो.’ वाक्य बरं होतं. ‘उपयोग संपलेल्या’ या दोन शब्दांपाशी मात्र त्यांची नजर दर वेळी अडखळत होती.

पहिला चहावाला बोलला. त्याने बायकोने घर सोडल्यावर कपाखाली पडलेल्या गोल डागाची गोष्ट सांगितली. ती इतकी रंगवून सांगितली की लोक हसायला लागले, आणि मग बायको पुढच्या आठवड्यात परत आली आणि तिने पहिल्यांदा तो डागच पुसला, असं तो म्हणाला तेव्हा सगळेच हसले.

टोचणी जमिनीकडे बघत बोलली. “वडिलांना घेऊन मी तपासणीच्या रांगेत बसायचे. हातात पावती असायची आणि पावतीला टाचणी. नंबर यायला तीन-तीन तास. मी पावतीला भोकं पाडत बसायचे. एकदा आतल्या माणसाने ती पावती उजेडाकडे धरली आणि म्हणाला, बाई, हा तुमच्या वडिलांचा चेहरा आहे का?” ती थांबली. “साहित्य म्हणाल तर कागद, सुई आणि तीन तास.”

लोक मास्तरांच्या भिंतीकडे वळले. मास्तरांनी चिठ्ठी उलगडली आणि घसा साफ केला. तेवढ्यात मागच्या बाजूला लिफ्टचं दार उघडलं.

लेक आधी बाहेर आली. तिने दार धरून ठेवलं. मागोमाग काठी, आणि मग ती. तिने स्वतः शिवलेला राखाडी कोट घातला होता. डाव्या हाताने लावलेली बटणं एक घर चुकून लागली होती आणि कोट एका बाजूने वर गेला होता. लेकीने बापाकडे बघून हात हलवला. कसा आश्चर्याचा धक्का दिला, असा तो हात होता.

लोकांनी वाट करून दिली. ती पुढे येऊन थांबली. तिने भिंतीकडे बघितलं.

मास्तर तिच्याकडे बघत होते. तिची नजर पहिल्या चित्रावरून दुसऱ्याकडे गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यावर थांबली. काठीवरचा हात थोडा घट्ट झाला. बाकी काही झालं नाही.

मास्तरांनी चिठ्ठी खिशात ठेवली.

“हे कागद माझे नाहीत,” ते म्हणाले. आवाज इतका लहान आला की मागचे दोघे-तिघे पुढे सरकले. “माझ्या बायकोचे आहेत. ती कपडे शिवते. कापड कापायच्या आधी कागद बेतून बघते. हे ते कागद. ही बाही आहे. ही पाठ. मी काही शोधून काढलेलं नाही, आकार सगळे तिचे. मी फक्त चिकटवलेत.” त्यांनी श्वास घेतला. “गेल्या वर्षी ती आजारी पडली. तेव्हा तिच्या कपाटातून मी हे काढले. तिला विचारलं नाही. पुढे ती बरी व्हायला लागली, तेव्हाही सांगितलं नाही. तिने मागितले तेव्हा बघतो म्हणालो. आत्ता सांगतोय. ती इथे उभी आहे.”

सगळ्या माना वळल्या. मग पुढच्या एका बाईंनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. त्या बाईंचे डोळे भरून आले होते. मॅडम ओठ मिटून मान डोलवत होत्या. मास्तरांना छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, आणि असं हलकं वाटलं याचीच त्यांना लाज वाटली.

ती हसली. गिऱ्हाइकाला कपडा आवडला की ती असं हसायची.

“मावशी, तुम्ही सांगा ना काहीतरी,” मॅडम म्हणाल्या.

“मी काय सांगू?” ती म्हणाली. पण गेली पुढे. काठीचं टोक तिने पहिल्या चित्राकडे केलं. “हा शाळेचा गणवेश. मुलगी फार वाढत होती, म्हणून खाली चार बोटं जास्त ठेवलीत.” दुसऱ्यापाशी म्हणाली, “हे आजोबा वाकून चालायचे. साधा सदरा घातला की पुढून लोंबायचा आणि मागून वर जायचा. त्यांची पाठ ही एवढी लांब, आणि पुढचा भाग आखूड.” पंखासारख्या आकारापाशी ती जरा जास्त थांबली. “ह्या बाईंचा हात कोपरात सरळ होत नव्हता. त्यांनी आयुष्यात कधी पूर्ण बाहीचं घातलं नव्हतं. ही त्यांची पहिली पूर्ण बाही. उलटी लावलीय.”

लोक हसले. मास्तरही हसले. ती हसली नाही.

“कमाल आहे, मावशी, चित्रकार कोण म्हणायचं नक्की?” चहावाला म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. ती तेवढ्या वेळात खाली वाकून चौकटीच्या कोपऱ्यात काहीतरी वाचत होती.

साडेपाचला लोक शेजारच्या खोलीत चहाला गेले. लेक मास्तरांपाशी आली. “जिने आहेत म्हणालात ना बाबा?” एवढंच म्हणाली आणि आईसाठी चहा आणायला निघून गेली. दालनाच्या मधोमध एक लांब बाक होता. ती त्यावर बसली. मास्तर थोडं अंतर ठेवून बसले.

“घरी सांगता आलं असतं,” ती म्हणाली.

“जमलं नाही.”

“इथे जमलं.”

शेजारच्या खोलीतून कपबशांचा आवाज येत होता.

“एवढ्या लोकांत सांगितलंत. टाळ्या वाजल्या. मला रागवायलासुद्धा जागा ठेवली नाहीत.”

तसं मास्तरांनी ठरवून केलं नव्हतं. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं. पण लिफ्टचं दार उघडल्यापासून चिठ्ठी खिशात ठेवेपर्यंतच्या त्या एवढ्याशा वेळात आपल्या मनात काय काय येऊन गेलं, हे त्यांना आठवेना.

“त्या कोपऱ्यात तारीख आहे ना?” तिने विचारलं.

“हो.” शाळेत मुलांना ते रोज सांगायचे, चित्र झालं की खाली उजवीकडे तारीख घाला. हाताला वळणच पडलं होतं.

“पहिल्यावर तीन ऑगस्ट आहे.”

“हो.”

“तीन ऑगस्टला माझ्या नाकात नळी होती.”

मास्तर गुडघ्यांकडे बघत राहिले.

“त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आला नाहीत. बाबांचं डोकं दुखतंय, असं लेक नर्सला सांगत होती. मला बोलता येत नव्हतं. ऐकू येत होतं.” तिने काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. “डॉक्टर म्हणाले होते महिनाभर वाट बघा, मग सांगतो. लेकीने सांगितलंय मला. तुम्ही वाट बघितली नाहीत.”

“मला वाटलं…”

“तुम्हाला काय वाटलं ते दिसतंय. चौकटीत घालून भिंतीवर लावलंय.”

हे ती चिडून म्हणाली नाही. शिलाई कुठे उसवली आहे ते गिऱ्हाइकाला दाखवावं, तसं म्हणाली. मास्तरांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. मग वाटलं, आपलं बरं व्हावं हेच आपण पुन्हा बघतोय.

तिने समोरच्या भिंतीकडे बघितलं.

“चित्रं चांगली झालीत,” ती म्हणाली.

“नाही गं.”

“झालीत. मला कळतं. इतकी वर्षं तुमच्या फुलदाण्या बघितल्यात मी. ही चांगली झालीत.” ती काठीवर भार देऊन उठली. “तेच तर आहे.”

मास्तर आधार द्यायला उठले, पण ती पुढे गेली होती. एकेका चौकटीवरून ती भराभर नजर फिरवत चालली होती. आता ती सगळे कागद बघत नव्हती. एकच शोधत होती. नवव्या चित्रापाशी ती थांबली.

“हा पोस्टातलीचा.”

कोणता कागद कुणाचा हे मास्तरांना कधीच माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या चित्रात खाली एक रुंद खाकी आकार होता, वर जाताना निमुळता होत गेलेला आणि मग एकदम सरळ कापलेला. त्याच्यावर नुसता पांढरा कागद. मॅडमना अकरांतलं हेच सगळ्यात आवडलं होतं.

“खांदा कुठाय?”

“कापला.”

“का?”

कारण होतं. तेव्हा ते अगदी पक्कं होतं. “वर मोकळी जागा हवी होती,” मास्तर म्हणाले.

तिने त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. “आणि कापलेला तुकडा?”

मास्तरांनी मान हलवली.

“तिचं सगळं खांद्यातच होतं हो,” ती म्हणाली. “बाकी कोट कुणाचाही.”

चहा घेऊन लेक आली. मागे टोचणी होती, हातात बिस्किटांची बशी. दोघी दारातच थांबल्या.

“तो पातळ कागद आहे का गं, चौकटी गुंडाळून आणतात तो?” तिने टोचणीला विचारलं. “ज्यातून खालचं दिसतं तसा?”

“ढीग पडलाय मावशी, आतल्या खोलीत.”

“आण. आणि टाचण्या नकोत, चिकटपट्टी आण. काच आहे.”

टोचणीने कागद आणला. लेकीने चहाचे कप बाकावर ठेवले आणि दोघींनी मिळून तो पातळ कागद चौकटीच्या काचेवर चिकटवला. खालचा खाकी आकार त्यातून धुकट दिसायला लागला. मॅडम चहा सोडून आल्या. काचेवर हात लावायचा नसतो, असं काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, मग तिच्याकडे बघून त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

“मी काढू का, मावशी?” टोचणीने विचारलं.

“तू नको,” ती म्हणाली आणि मास्तरांकडे बघितलं. “पेन्सिल आहे ना?”

मास्तरांच्या खिशात पेन्सिल होती. त्यांनी ती काढली आणि चौकटीपुढे उभे राहिले. आकाराची डावी कड त्यांनी खालून वर गिरवायला घेतली. कागद काचेवरून सरकत होता. लेकीने तो तळव्याने दाबून धरला. बापाच्या तोंडाकडे तिने बघितलं नाही.

“पुसट नको. दाबून काढा. खालची सून ह्या रेघेवरून कापणार आहे.”

मास्तरांनी दाबून काढलं. खालची कड झाली, उजवी झाली, आणि जिथे आकार सरळ कापलेला होता तिथे पेन्सिल येऊन थांबली. पुढे पांढऱ्यावर पांढरं होतं.

“इथून पुढे नाहीये,” ते म्हणाले.

“ते मला माहितीये.”

तिने काठी लेकीकडे दिली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तो हात वर उचलला. बोटं उघडली नाहीत. तिने मिटलेल्या मुठीचं मधलं पेर काचेवर टेकवलं, कापलेल्या कडेपाशी, आणि हळूहळू वर नेलं. हात थरथरत होता, मधे दोनदा थांबला, पण पेर कुठे वळायचं ते विसरलं नव्हतं. ते थोडं आत गेलं, मग बाहेर आलं, आणि मानेकडे जाता जाता उतरायला लागलं.

मास्तर पेन्सिलीने तिच्या पेराच्या मागून गेले. रेघ कागदावर उमटली. वळण छान आलं होतं. गोलाई गोड होती. मास्तरांनी थोडं मागे सरून ती बघितली.

“नाही,” ती म्हणाली. “हा कुणाचाही खांदा झाला. पुसा.”

मास्तरांनी पुसली. तिने पुन्हा मनगट धरलं, पुन्हा पेर टेकवलं. ती रेघ तिने अर्ध्यातच थांबवली. तिसऱ्या वेळी हात खाली घसरला आणि तिने दोन मिनिटं भिंतीला टेकून दम घेतला. लेक म्हणाली, आई, उद्या करू. ती नाही म्हणाली. चौथी रेघही पुसली. पातळ कागदाला त्या जागी आता सुरकुत्या पडल्या होत्या, आणि मास्तर खोडरबर इतका हलका फिरवत होते की रेघ जाता जात नव्हती.

पाचव्या वेळी मास्तरांनी रेघेकडे बघितलंच नाही. ते फक्त तिच्या पेराकडे बघत होते. जिथे पेर अडखळलं तिथे पेन्सिल अडखळली, जिथे ते खाली उतरलं तिथे उतरली. रेघ वाकडीतिकडी आली. त्यांना शाळेतल्या कुठल्याही पोराची अशी रेघ दिसली असती, तर त्यांनी तिच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला असता.

या वेळी ती ‘पुसा’ म्हणाली नाही. तिचा हात अजून काचेवरच होता.

मास्तर खोडरबर हातात धरून उभे राहिले.